एक केस जाळून

कात्री नको, थोआ मावशी म्हणाली, चिमटा घे.
आणि माझ्या नव्या ब्रशच्या पोटातून एकच केस
तिनं असा अलगद उपसला
की ब्रशलाही कळलं नसावं.

बशी. लायटर.
बाहेर ओस्त्रावाची ट्राम वळणावर किंचाळली.

केस पेटला नाही.
आक्रसत गेला, आणि टोकाशी उरला
मोहरीहून लहान, काळा, टणक मणी.
वास जळक्या पिशवीचा.

खरा असता, मावशी म्हणाली,
तर दुकानभर केस करपल्याची घाण सुटली असती,
राख बोटात चुरली असती.
सैबेरियातलं मुंगसाच्या चणीचं जनावर,
त्यातला नर, त्याची शेपटी, तीही ऐन हिवाळ्यातली.

दांड्यावर सोनेरी अक्षरांत तेच तर लिहिलं होतं: कोलिन्स्की.
सीमेजवळच्या बाजारात मी अकराशे कोरुना मोजले होते,
पहिल्या महिन्याची सगळी टिप.
विकणारा आमच्याच जिल्ह्यातला,
मला धाकटी बहीण म्हणाला होता,
वर एक नेलकटर फुकट दिलं होतं.
केसानं गळा कापणं म्हणजे काय
ते मला बशीत दिसलं.

मावशी रागावली नाही. तिनं स्वतःचा ब्रश काढला,
दहा नंबरचा, सात वर्षं हातातला.
द्रवात बुडवला. पोट फुगलं, टोक सुईचं सुईच.
"याच्या केसाला खवले असतात, डोळ्याला न दिसणारे.
द्रव धरून ठेवतात आणि मागशील तेवढाच सोडतात.
आता पावडरीला नुसता टेकव.
थेंब ओघळला तर ब्रशला बोलू नकोस, तुझ्या घाईला बोल.
याला साबण नाही, पाणी नाही,
असिटोन तर नाहीच, केसांचा खराटा होतो."

"आणि माझा?"

तिनं तो उजेडात धरला.
पत्र्याची कडी नखानं दाबून पाहिली. हलली नाही.
"कडी तरी खरी आहे," ती म्हणाली.
मग ब्लेडनं कडेकडेचे केस मुळापासून उडवले,
उडवत राहिली,
माझे अकराशे कोरुना टेबलावर सांडत गेले,
मधे राहिले वीसेक केस, लांब, बारीक.
"जेलला खवले नकोच असतात, अडकून बसतं त्यात.
नायलॉन गुळगुळीत. वाकव, सोड, पुन्हा सरळ.
फक्त दिव्यापासून दूर ठेव, आणि खिडकीपासून.
उन्हात जेलचा दगड होतो, केसांसकट."

गुरुवारी ड्रहोमिराबाई आल्या.
पोलाद कारखान्यात तेवीस वर्षं क्रेन चालवलेली बाई,
तर्जनीचं नख मधोमध कधीतरी चिरलेलं,
तसंच वाढलेलं.
फुलं दाखवली. नको. बर्फाचा कण? नको.
म्हणाल्या, पाटीच्या रंगावर एक पांढरी रेघ काढ,
मुळापासून टोकापर्यंत.
"क्रेनची तार. वरून मला तेवढीच दिसायची."

माझा हात कापत होता. त्यांचाही.
पण लांब केसाचं एक असतं:
थरथर टोकापर्यंत पोचता पोचता
वाटेत विरून जाते.
ब्रश आडवा टेकवायचा, आणि ओढायचा नाही,
आपण मागे सरकायचं.
मी सरकले.

रेघ चिरेपाशी जराशी डावीकडे गेली.
"पुसते," मी म्हटलं.
त्यांनी बोट दिव्याखाली तिरकं केलं, बराच वेळ.
"राहू दे. वाऱ्यात ती कधी सरळ असायची?"

आणि हात दिव्यात घातला.

संध्याकाळी मी ब्रश पुसला, टोक जुळवलं,
टोपण घालून खिडकीकडे पाठ करून ठेवला.
दांड्यावरची सोनेरी अक्षरं कानशीनं घासली.
पहिलं अक्षर तेवढं निघालं नाही.